नवरा गेल्यावर दीर "एक सही कर" म्हणतायत, विधवेचा हक्क नक्की किती?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात लिहिते. मिस्टर जाऊन आठ महिने झालेत, तुमचं वय ३४, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ची. सांगली जिल्ह्यात गावाकडं ६ एकर बागायत आहे, सासरे २०११ ला वारले तेव्हा मोठ्या दिरांचं नाव 'एकुमॅ' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागलं आणि तेच आजपर्यंत चालू आहे. पिंपरीत मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट, हप्ते चालू. पीएफ आणि विम्याला नॉमिनी सासूबाई, सोसायटीत नॉमिनी धाकटे दीर. आणि आता दोन्ही दीर म्हणतात वारस नोंदीचा 'फॉर्म' भरायचाय, तालुक्याला रजिस्टर ऑफिसात येऊन एक सही कर, तुझं आणि पोरांचं आम्ही बघतो.

जाऊ नका. वारस नोंदीला रजिस्टर ऑफिसात जावंच लागत नाही, ती तलाठ्याकडं होते (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय). जिथं तुमचा फोटो काढतात, अंगठा घेतात आणि दोन ओळखदार उभे करतात तिथं जे होतं ते हक्कसोडपत्र असतं, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा कागद. मला तालुका कोर्टात वकिली करून २४ वर्षं झाली आणि माझ्याकडं येणाऱ्या विधवा बायकांपैकी कितीतरी जणी ही सही करून मगच आलेल्या असतात, "मला वाटलं सातबाऱ्यावर नाव लावायचा कागद आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं न सांगता कळतं. नोंदवलेलं हक्कसोडपत्र फसवणुकीच्या मुद्द्यावर रद्द करून घेता येतं, पण त्यासाठी दावा लावा, पुरावा द्या, वर्षं घाला. सही न करणं फुकट आहे.

आता तुमच्या प्रश्नात तुम्ही दोन ठिकाणी "माझा हिस्सा मागायचा तर कसा मागू" असं लिहिलंय. मागायचा नाहीये हो. मृत्युपत्र नसेल तर नवरा गेला त्या क्षणाला त्याच्या मालमत्तेतला हिस्सा तुमचा झाला, नोंद होवो न होवो, दिरांना पटो न पटो. हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये पहिल्या वर्गाचे वारस आहेत त्यात विधवा, मुलगा, मुलगी आणि मयताची आई हे एकाच पायरीवर आहेत, प्रत्येकाला सारखा एक वाटा. भाऊ या यादीत नाहीत. ते दुसऱ्या वर्गात, पहिल्या वर्गातलं कुणी जिवंत असेपर्यंत त्यांना तुमच्या मिस्टरांच्या मालमत्तेत काही मिळत नाही. आणि कलम १४ मुळं जे मिळेल ते पूर्ण मालकीचं, "हयातीपुरतं खा आणि मग दिरांच्या पोरांना जाऊ दे" हा जुना प्रकार संपला. १९३७ च्या कायद्यानं विधवेला नवऱ्याचा हिस्सा दिला होता पण फक्त जिवंत असेपर्यंत, विकायचं म्हटलं की हात बांधलेले. गावातल्या जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तोच कायदा बसलेला आहे, आणि कधीकधी मुद्दाम बसवलेला असतो.

सगळी मालमत्ता एकाच टोपलीत टाकू नका, तीन ढीग करा. एक, मिस्टरांचं स्वतःचं. दोन, घराण्याच्या जमिनीतला त्यांचा हिस्सा. तीन, सासू किंवा इतर कुणाच्या स्वतःच्या नावावर असलेलं, त्यात आज तुमचा काही हक्क नाही. (ज्यांचे सासरे हयात आहेत आणि घर सासऱ्यांनी स्वतः कमावून बांधलंय अशा बायका इथं हमखास चुकतात. सासरे जिवंत असेपर्यंत त्या घरात मालकी मागता येत नाही, पण मृत्युपत्र न करता ते गेले की आधी वारलेल्या मुलाची विधवा म्हणून त्या आणि त्यांची मुलं मिळून त्या मुलाचा वाटा घेतात.)

पहिला ढीग सोपा. फ्लॅट, बँकेतले पैसे, एफडी, गाडी. तुम्ही, मुलगा, मुलगी, सासूबाई, चार जण, प्रत्येकी पाव. म्हणजे पाऊण भाग तुमच्याकडं. धाकटे दीर सोसायटीत नॉमिनी आहेत म्हणून फ्लॅट त्यांचा होत नाही. आपल्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला जे बदल झाले त्यानुसार नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो, खरे वारस कागद घेऊन येईपर्यंत. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं २०२३ च्या डिसेंबरला हेच सांगितलं की नॉमिनी मालक नाही. तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीला आजच लेखी पत्र द्या की मयताची विधवा आणि दोन अज्ञान (१८ च्या आतली) मुलं वारस आहेत, आमच्या परवानगीशिवाय शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर करू नये, विक्रीला एनओसी देऊ नये. पोच घ्या. पोच नाही दिली तर स्पीड पोस्टानं पाठवा. कर्जाचं म्हणाल तर बँकेचा बोजा फ्लॅटवर आधी, वारसांचे वाटे नंतर, पण लोन घेताना त्याचा विमा काढला होता का ते बँकेत जाऊन विचारा, बऱ्याचदा तो काढलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो, आठ-आठ महिने हप्ते भरत बसतात.

कर्जावरून आठवलं. नवरा गेल्यावर महिन्याभरात "त्यानं माझ्याकडून हातउसने घेतले होते" म्हणणारी माणसं उगवतात, तुमच्याकडंही मोठे दीर ४ लाखांचं सांगतायत असं लिहिलंय. वारस म्हणून तुमची जबाबदारी नवऱ्याच्या मालमत्तेतून तुमच्या हातात जेवढं आलं तेवढ्यापुरतीच, तुमच्या माहेरच्या सोन्यातून किंवा पगारातून त्याचं कर्ज वसूल होत नाही. आणि आधी कागद दाखवा म्हणा. तुमचं स्त्रीधन मिस्टरांच्या मालमत्तेत मोजायचंच नाही, ते तुमचं लग्नातही होतं आणि आत्ताही आहे, सासूबाईंच्या कपाटात असलं तरी.

दुसरा ढीग जमिनीचा, इथं जरा हिशोब करूया कारण इथंच फसवतात.

६ एकर म्हणजे २४० गुंठे. सासरे २०११ ला वारले, मागे सासूबाई, तीन मुलगे, आणि तुम्ही एका ओळीत उल्लेख केलेल्या नणंदबाई. (नणंदेला तुम्ही "तिचं लग्न झालंय" म्हणून सोडून दिलंय, तसं करू नका, लग्न झालं तरी तिचा वाटा आहे आणि वारसांच्या यादीत तिचं नाव लपवलंत तर उद्या तुमचाच अर्ज खोटा ठरेल.) जमीन सासऱ्यांची स्वतंत्र, म्हणजे त्यांच्या एकट्याच्या मालकीची धरली तर पाच वारस, प्रत्येकी ४८ गुंठे. एकत्र कुटुंबाची धरली तर आधी ते जिवंत असताना वाटप झालं असतं असं समजायचं, सासरे, सासूबाई, तीन मुलगे, एक मुलगी, सहा वाटे, प्रत्येकी ४०, आणि मग सासऱ्यांचे ४० पाच वारसांत, प्रत्येकी ८. ४० आणि ८, परत ४८च. पहिल्यांदा करून बघितलं की लोकांना गंमत वाटते. तर मिस्टरांचे ४८ गुंठे दोन्हीकडून पक्के.

आता मिस्टर गेल्यावर. ते ४८ त्यांचे स्वतंत्र धरले तर तुम्ही, दोन मुलं, सासूबाई, प्रत्येकी १२, तुमच्याकडं मिळून ३६. पण त्यातले ४० एकत्र कुटुंबाचे धरले तर मुलांचा जन्मानं हक्क आहे, आणि बाप-मुलांत वाटप धरताना आपल्याकडं बायकोलाही वाटा पडतो, म्हणजे मिस्टर, तुम्ही, मुलगा, मुलगी प्रत्येकी १०. मग मिस्टरांचे ते १० आणि वडिलांकडून आलेले ८ असे १८ चौघांत, साडेचार साडेचार. तुमचे साडेचौदा, मुलांचे साडेचौदा साडेचौदा, मिळून साडेत्रेचाळीस, सासूबाईंना साडेचार. ३६ आणि साडेत्रेचाळीस यातला फरक साडेसात गुंठ्यांचा, बागायतीत तो थोडा नाही.

हा "बायकोचाही वाटा धरायचा" मुद्दा मी मनानं सांगत नाहीये, आणि तो तुमच्याच जिल्ह्यातनं गेलेला आहे. खंडप्पा मगदूम नावाचे गृहस्थ २७ जून १९६० ला वारले, मागे बायको हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी कोर्टात ७/२४ हिश्श्यासाठी दावा लावला. खालच्या कोर्टानं १/२४ दिला, म्हणजे नवऱ्याच्या पाव हिश्श्याचा (वाटपात नवरा, बायको, दोन मुलगे असे चार धरून) सहावा भाग, बस. हायकोर्ट म्हणालं नाही, आधी वाटपातला तिचा स्वतःचा पाव हिस्सा धरा आणि मग वारसा म्हणून १/२४ त्यात मिळवा. मुलगा सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७८ ला तिथंही हिराबाईच जिंकल्या. सातपट फरक! आजही गावाकडं तडजोडीला बसतात तेव्हा विधवेला मोजून तेवढा 'वारशाचा' तुकडा दाखवतात आणि वाटपातला वाटा कुणी बोलत नाही.

जमीन नक्की कुठल्या प्रकारची हे ठरवायला जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नावं बदलल्याच्या नोंदी, लागतात. गावात आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जितच म्हणतात, कायद्यात तसं सरळ नाही, आजेसासरे १९५६ नंतर वारले आणि जमीन सासऱ्यांकडं वारशानं आली असेल तर ती सासऱ्यांची स्वतंत्र धरली जाऊ शकते, १९८६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ते चालत आलंय. म्हणून आजेसासऱ्यांच्या मृत्यूची तारीख शोधा. तलाठ्याकडं गाव नमुना ६-क म्हणजे वारसांची नोंदवही असते, तिची नक्कल आणि सगळे फेरफार तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढा.

वारस नोंदीचं आता. अर्ज तुम्ही स्वतः करा, दिरांवर सोडू नका. मृत्यू दाखला, रेशनकार्ड, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, महसूल खात्याच्या ई-हक्क वेबसाइटवरून घरबसल्याही होतो. कायद्यात तीन महिन्यांत कळवा असं आहे पण आठ महिने झाले म्हणून हक्क जात नाही. फेरफार धरला की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, हरकत आली तर तक्रारी केस होऊन मंडळ अधिकाऱ्यांपुढं चालते, विरोधात गेली तर ६० दिवसांत प्रांतांकडं अपील. एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, तुमचं नाव कब्जेदार सदरात, म्हणजे सातबाऱ्यावर मालकांची नावं असतात त्या रकान्यात, लागलं पाहिजे, 'इतर हक्कात' नाही. विधवा आणि मुली इतर हक्कात, मुलगे कब्जेदार, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे, कायद्यात त्याला काही आधार नाही पण कर्ज काढायला, अनुदानाला, विकायला इतर हक्कातल्या नावाला कुणी विचारत नाही. मुलांच्या नावापुढं अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून तुमचं नाव येईल. दिराचं किंवा सासूबाईंचं पालक म्हणून येऊ देऊ नका, बाप गेल्यावर नैसर्गिक पालक आईच. २०२५ ला सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली, मयतांची नावं काढून वारसांची लावायची, चांगलं काम झालं, पण घाईत कोण कोण सुटलं हेही त्यात बघावं लागतंय.

सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं मात्र नाही, आणि नाही लागलं म्हणजे मालकी गेली असंही नाही. तो महसुलाचा कागद आहे. वाद झालाच तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा, आणि त्याबरोबर जमीन विकू नये म्हणून मनाईचा अर्ज, दावा चालू असल्याची नोटीसही दुय्यम निबंधकाकडं नोंदवून टाकायची. खोटं कशाला सांगू, वाटपाच्या दाव्याला वर्षं लागतात. आधी प्राथमिक हुकूमनामा (कुणाचा किती वाटा ते ठरवणारा), मग प्रकरण कलेक्टरकडं, मग मोजणी, मग ताबा. म्हणून मी स्वतः आधी तडजोड बघते, पण हिशोब हातात घेऊन, तोंडी नाही, आणि तुमचा आणि मुलांचा हिस्सा एकाच ठिकाणी सलग मागून, नाहीतर तुकडेबंदीची (शेतीचे फार लहान तुकडे करायला कायद्यानं बंदी आहे) अडचण होते आणि बांधावरून रोजची भांडणं. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं जा, बाईला तिथं उत्पन्नाची अट नसते, वकील फुकट मिळतो.

मुलांच्या वाट्याबद्दल अजून एक. दीर म्हणतायत तुम्ही आई म्हणून पोरांच्या वतीनंही सोडून द्या. अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही देता येत नाही, दिली तर मुलं सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो व्यवहार रद्द मागू शकतात. हे दिरांना ऐकवा, कारण असा कागद घेऊन त्यांचंही भलं होत नाही.

पैशांचं पटपट सांगते. पीएफमध्ये नॉमिनेशनची तारीख बघा, लग्नाआधीचं असेल तर पीएफ ऑफिसला लेखी कळवा, कारण कुटुंब नसताना केलेलं नॉमिनेशन कुटुंब झाल्यावर रद्द धरायची तरतूद आहे, फक्त आई आधीपासून अवलंबून होती का यावर वाद होऊ शकतो. पेन्शनचा मात्र नॉमिनीशी संबंध नाही. ईपीएसची (पीएफसोबतची पेन्शन योजना) विधवा पेन्शन तुम्हालाच, फॉर्म १०डी भरा, दोन्ही मुलांना प्रत्येकी तुमच्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. नोकरीत असताना गेले म्हणून ईडीएलआयचा, म्हणजे पीएफसोबतचा, विमाही आहे, जास्तीत जास्त ७ लाख, हा क्लेम करायचा लोक विसरतात. एलआयसीचं थोडं अवघड आहे. १९८४ पासून नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा असं होतं, पण २०१५ ला विमा कायदा बदलला, आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांच्यापैकी कुणी नॉमिनी असेल तर तो लाभार्थी, आणि याचा अर्थ काय यावर हायकोर्टांची मतं एकसारखी नाहीत. म्हणजे ते पैसे सासूबाईंकडं राहू शकतात. तरी पॉलिसी बाँड बघा, ती बायको-मुलांसाठी म्हणून १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेली असेल तर ती तुमची आणि मुलांची. बँकेत वाद झाला तर वारसा प्रमाणपत्र (सक्सेशन सर्टिफिकेट) लागतं, ते सिव्हिल कोर्टातून. वारस दाखलाही (हेअरशिप सर्टिफिकेट) कोर्टातूनच, आणि तो आपण अजून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली काढतो, पेशव्यांचं राज्य जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा कायदा!

"दुसरं लग्न केलंस तर सगळं परत द्यावं लागेल" असं मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्यात खरंच तसं होतं, लग्नाची परवानगी दिली आणि नवऱ्याची मालमत्ता काढून घेतली. तो कायदा १९८३ ला रद्द झाला, आणि एकदा मिळालेला वारसा पुनर्विवाहानं जात नाही हे सुप्रीम कोर्टानं २००८ ला परत स्पष्ट केलंय. बंद होते ती पेन्शन आणि सासरकडून पोटगी मागायचा हक्क. जमीन आणि फ्लॅट नाही.

राहण्याचं. गावच्या घराला कुलूप लावलंय म्हणता. घरगुती हिंसाचार कायद्याखाली सामायिक घरात राहायचा हक्क विधवेलाही आहे, त्या घरात सध्या राहत नसलात तरी, २०२२ ला सुप्रीम कोर्टानं एका विधवेच्याच केसमध्ये तसं म्हटलंय. संरक्षण अधिकाऱ्यांकडं किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडं अर्ज होतो. हा मार्ग दिवाणी दाव्यापेक्षा लवकर हलतो.

हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे हं. मुस्लिम विधवेला मुलं असतील तर आठवा हिस्सा, नसतील तर चौथा, आणि मेहर (लग्नात नवऱ्यानं बायकोला कबूल केलेली रक्कम) राहिली असेल तर ती कर्ज म्हणून आधी. ख्रिश्चन विधवेला मुलं असताना एक तृतीयांश. गोव्यात तर करार केला नसेल तर लग्नापासूनच अर्धी मालकी बायकोची.

शेवटी सासूबाई. तुमच्या पत्रात त्या दिरांच्या बाजूला आहेत. पण वरचा हिशोब परत बघा, २०११ ला त्याही विधवा झाल्या आणि त्यांचे ४८ गुंठे त्या दिवसापासून त्यांचे आहेत, त्यांच्या मुलांचे नाहीत. २०११ चा तो फेरफार काढा. मी पैजेवर सांगते त्यात त्यांचं नाव एकतर इतर हक्कात असेल नाहीतर नसेलच. मागच्या वर्षी माझ्याकडं अशीच सासू-सून समोरासमोर होत्या, मी म्हातारीला फेरफार वाचून दाखवला, तिनं विचारलं "मंजे माजं बी न्हाई?" आणि पुढच्या तारखेला ती सुनेबरोबर एकाच रिक्षातून आली. तुमच्याकडं तसंच होईल असं नाही, पण नक्कल काढायला खर्च किरकोळ आहे, तेव्हा दिरांशी बोलायच्या आधी तो कागद त्यांच्यापुढं ठेवा.